पठारावरच्या जाती मोजायच्या कशा: वितीपासून जिल्ह्यापर्यंत

"मॅडम, कास पठारावर फुलझाडांच्या जाती किती?" दर सप्टेंबरात कुणी ना कुणी विचारतंच. उत्तर त्यांना पाठ असतं: 850. पेपरात येतं, पाट्यांवर असतं. पण किती जागेत 850, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. नुसत्या कातळावर, की तळ्याकाठचं आणि कडेच्या जंगलातलं धरून? जागेचं माप न सांगता जातींचा आकडा देणं म्हणजे डेअरीवर जाऊन "चार दूध द्या" म्हणण्यासारखं आहे.

मी साताऱ्यात बी.एस्सी.च्या मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवते. पावसाळा आला की प्रोजेक्टं सुरू होतात आणि मुलं याद्या घेऊन येतात. यादी करणं वाईट नाही, त्यातून डोळा तयार होतो. पण "इथं इतक्या जाती का आणि पन्नास पावलांवर निम्म्याच का" याचं उत्तर यादीत नसतं. त्यासाठी जमिनीवर ठरलेल्या मापाची चौकट टाकून तिच्या आतल्या जाती मोजाव्या लागतात, माती-पाणी मोजावं लागतं, आणि तेच काम लहान, मध्यम, मोठ्या अशा वेगवेगळ्या मापांवर करावं लागतं. खर्च फारसा नाही. पाठ मात्र दुखते.

जागा कुठली घ्यायची

कास नको. ते राखीव जंगल आहे, 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. तिथं दोऱ्या ताणायच्या तर वनविभागाचं पत्र लागतं, आणि ते लागायलाच हवं. साताऱ्याच्या पश्चिमेला, पाटणच्या डोंगरात, पन्हाळ्याजवळ मसाईला, कोकणात रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवर जांभ्याची पठारं भरपूर आहेत. गायरान असेल तर ग्रामपंचायतीत सांगा, खाजगी असेल तर मालकाला विचारा. आणि गुरं राखणाऱ्या माणसाशी बोला. कुठलं डबकं आधी आटतं, कुठं पाणी दिवाळीपर्यंत राहतं, कुठं गुरं तोंड लावत नाहीत, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. आमच्या एका पठारावरचे मामा पहिल्याच भेटीत म्हणाले, "बाई, त्या अंगाला माती हाय, ह्या अंगाला नुसता कातूळ. फुलं दोन्हीकडं, पर येगळी." आमच्या प्रोजेक्टचा विषय त्यांनी एका वाक्यात सांगून टाकला होता.

जांभ्याची पठारंच का, तर तिथं फरक डोळ्यांना दिसतो. बेसॉल्टवर लाखो वर्षं पाऊस आणि ऊन पडून सिलिका धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागं उरलं, त्याचं हे टणक कवच. वर माती जेमतेम, तीही आम्लधर्मी आणि निकस. चार महिने पाण्यात, उरलेले आठ महिने भाजत. आणि मातीचा थर दोन पावलांत शून्यावरून वीतभर होतो. जंगलात हा फरक कळायला खड्डे खणावे लागतील. इथं वाकून बघितलं की झालं.

आधी चाला, चौकट नंतर

पहिला पूर्ण दिवस काहीही मोजू नका. पठार आडवं-उभं चाला आणि जागांचे प्रकार लिहा. उघडा कातळ, कातळातल्या भेगा, चिखल साठलेले उथळ खळगे, पाणी झिरपत वाहणारे ओले पट्टे, डबकी, मातीचा जाड थर, सुट्या दगडांच्या राशी, वारुळं, झुडपांचे पुंजके, कड्याची धार. तुमच्या पठारावर यातले पाच असतील किंवा दहा. ही यादी म्हणजेच तुमच्या कामाचा सांगाडा.

मग एक डबकं निवडा आणि त्याच्या काठावर उकिडवे बसा. ऑगस्टच्या शेवटी बसलात तर उत्तम. मध्यावर पाण्यात पाणेराची लालसर रोपटी. सह्याद्रीच्या माथ्यावर असाल आणि नशीब असेल तर वायतुरा, तो इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभागलेला गुलाबी तुरा. पाणी संपतं तिथं गेंद, पांढऱ्या गोल बटणांची दाटी. त्याला लागून, जिथं पाणी दिसत नाही पण बोट दाबलं की वर येतं, तिथं सीतेची आसवं, जांभळी-निळी. तिच्या मुळाशी भिंगातून बघा, बारीक फुगे दिसतील. निकस मातीत नायट्रोजन मिळत नाही म्हणून ती त्या फुग्यांत सूक्ष्म जीव पकडते. दवबिंदू नावाच्या रोपाचंही तेच दुखणं, पण तो चिकट केसांनी शिकार करतो आणि थोड्या कमी ओल्या, उघड्या चिखलात बसतो. आणखी बाहेर, माती बोटभर झाली की तेरडा. त्यापुढं कवला, ज्याला पर्यटक मिकी माऊस म्हणतात. आणि वीतभर माती लागली की टोपली कारवीचे गोल गोल पुंजके, सात वर्षांतून एकदा फुलणारे. पुष्कळदा डबक्यापासून कारवीपर्यंतचं अंतर चार-पाच पावलांचं असतं. एवढ्यात वनस्पतींची सगळी वस्ती बदलून जाते. कोण कुठं बसणार हे बहुतांशी दोन गोष्टींवर ठरतं: पाणी किती दिवस टिकतं आणि मूळ किती खोल जातं.

चौकटी तीन मापांच्या

लहान चौकट 10 सेंटिमीटर बाजूची, जाड तारेची वाकवून करा. मधली 1 मीटरची. हार्डवेअरच्या दुकानात वायरिंगचा पीव्हीसी पाइप आणि चार एल्बो मिळतात, बाजू सुट्या करून पिशवीत जातात. मोठी 10 मीटरची, सुतळीची. जांभ्यात खुंटी ठोकायचा प्रयत्न करू नका, कोपऱ्यांवर दगड ठेवा. काटकोन साधलाय का हे बघायला कर्ण मोजा: दोन्ही कर्ण 14 मीटर 14 सेंटिमीटर आले पाहिजेत. तिन्ही चौकटी एकात एक, एकाच कोपऱ्याला जुळवून मांडायच्या. क्षेत्रफळ प्रत्येक पायरीला शंभर पट वाढतं.

आता नियम ठरवा आणि शेवटपर्यंत मोडू नका. जिचं मूळ चौकटीत, ती मोजायची. नुसती फांदी आत आली तर नाही. मीटरच्या चौकटीत याने फार बिघडत नाही, पण 10 सेंटिमीटरच्या मापावर आकडा एकदम बदलतो.

ओळख पटली नाही तर "अनोळखी 7" लिहा आणि चार फोटो घ्या: फूल समोरून, फूल बाजूने, पानाची मागची बाजू, पूर्ण झाड. उपटायचं नाही. गेंदाच्या बाबतीत हट्ट करू नका. त्याच्या जाती वेगळ्या करायला बियांची नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. "गेंद-1, गेंद-2" असं दिसण्यावरून ठेवा, पण सगळ्या चौकटींत त्याच हिशोबाने. गवतांना तुरे येईपर्यंत, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरपर्यंत, बहुतेक नावं लागत नाहीत. म्हणून मुलं गवतं गाळतात. मी त्या वह्या परत पाठवते. पठाराच्या हिरवळीत बराच वाटा गवतांचाच असतो.

पेन्सिलीनेच लिहा, शाई पावसात पसरते. आणि ओल्या पट्ट्यात उभं राहून वाकू नका, कातळावर उभे राहा. तुमच्या बुटाचा खड्डा म्हणजे पुढच्या वर्षीच्या मोजणीतली ढवळाढवळ.

माती-पाणी मोजणं

फक्त झाडं मोजून थांबलात तर "का" हा प्रश्न तसाच राहतो. लोकर विणायची पोलादी सुई घ्या, तिच्यावर दर सेंटिमीटरला नेलपॉलिशची खूण करा आणि चौकटीत चार कोपरे आणि मध्य अशा पाच ठिकाणी खुपसा. कातळ लागेल तिथला आकडा लिहा. पाचांची सरासरी काढायचीच, पण त्याहून महत्त्वाचा आहे सगळ्यात खोल आणि सगळ्यात उथळ यांतला फरक. चौकटीच्या आत पर्यावरण किती बदलतं, याचं हे सगळ्यात स्वस्त माप. पाण्यासाठी चार पायऱ्या पुरतात: साठलेलं, दाबल्यावर वर येणारं, ओलसर, कोरडं. उताराला मोबाइलमधली पातळी चालते. उघडा कातळ किती टक्के, हे दोघांनी वेगवेगळं अंदाजाने लिहायचं आणि मग ताडून बघायचं.

दहा विरुद्ध दहा

सगळ्यात घोळ इथं होतो. मोठी चौकट टाकली की जाती वाढतात, यात नवल नाही. जागा वाढली, रोपांची संख्या वाढली, म्हणून चार दुर्मीळ जाती जास्त सापडल्या. त्याचं श्रेय लगेच "पर्यावरणातल्या विविधतेला" देता येत नाही. क्षेत्रफळाचा परिणाम आणि जागांच्या विविधतेचा परिणाम सोडवून दाखवायचा तर जागा तेवढीच ठेवली पाहिजे.

म्हणून एक मीटरच्या दहा चौकटी एकाच प्रकारच्या जागेत टाका, समजा बोटभर मातीच्या खळग्यांत. मग आणखी दहा चौकटी पाच प्रकारच्या जागांत, प्रत्येकी दोन. दोन्हीकडे दहा चौरस मीटरच. फक्त एक पथ्य: पहिल्या दहा चौकटी एका कोपऱ्यात घोळक्याने टाकायच्या नाहीत. दुसऱ्या दहा जितक्या लांब लांब पसरल्यात, तितक्याच त्याही पसरायच्या. नाहीतर तुम्ही मोजाल अंतराचा परिणाम आणि नाव द्याल मातीला. बियाणं सगळीकडे सारखं पोचत नाही. जागा तंतोतंत सारखी असली तरी दोनशे मीटरवर वस्ती थोडी वेगळी असतेच.

आता हिशोब. एका चौकटीत सरासरी किती जाती, ही अल्फा विविधता. दहाही चौकटींत मिळून किती, ती गॅमा. गॅमाला सरासरी अल्फाने भागा, ती बीटा. ही विभागणी रॉबर्ट व्हिटेकरने 1960 साली अमेरिकेतल्या सिस्किऊ डोंगरातल्या झाडोऱ्यावर मांडली, आणि ती आपल्या पठारावर सुरेख बसते. समजा चौकटीत सरासरी 8 जाती आणि दहांत मिळून 24, तर बीटा 3. म्हणजे जणू तीन पूर्ण वेगळ्या वस्त्या एकत्र नांदताहेत. एकाच प्रकारच्या जागेतल्या दहा चौकटींची बीटा याच रीतीने काढा आणि दोन्ही शेजारी लिहा. त्यांतला जो फरक, तो मुख्यतः जागांच्या प्रकारांचा.

दोनच चौकटींची तुलना करायची तर स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ पॉल जॅकार्डचा निर्देशांक वापरा, त्यानेही तो आल्प्समधल्या वनस्पतींसाठीच काढला होता. दोन्हींत सारख्या जाती भागिले दोन्हींतल्या एकूण वेगवेगळ्या जाती. एकीत 14, दुसरीत 11, सारख्या 5 असतील तर 5 भागिले 20, म्हणजे 0.25. डबकं आणि कारवीचा पुंजका घेतलात तर उत्तर शून्याच्या आसपास येईल. दोन खळगे घेतलेत तर बरंच वर.

एकात एक मांडलेल्या तीन चौकटींचंही काहीतरी करा. क्षेत्रफळ आणि जाती दोन्हींचा लॉग घेऊन आलेखावर टिंबं मांडा, साधारण सरळ रेष मिळते. तिच्या चढाला झेड म्हणतात. झेड 0.25 असेल तर जागा शंभर पट झाल्यावर जाती साधारण तिप्पट होतात. सपाट, एकसारख्या जमिनीवर रेष लवकर लवंडते, खाचखळग्यांच्या पठारावर चढत राहते. पण तीन टिंबांच्या रेषेवर फार विसंबू नका. अशा पाच-सहा ठिकाणच्या रेषा एकमेकींवर ठेवल्यात तरच बोलायला काही मिळतं.

उलटं उत्तर आलं तर दचकू नका

मुलांना वाटतं, जागा जितकी उंचसखल तितक्या जाती जास्त. मधल्या आणि मोठ्या मापावर बहुतेक तसंच येतं. लहान मापावर मात्र पुष्कळदा काहीच संबंध दिसत नाही, आणि कधी कधी चक्क उलटं येतं: सुईचे पाच आकडे फार वेगवेगळे, आणि जाती कमी. मुलं येऊन म्हणतात, "मॅडम, डेटा चुकला."

डेटा बरोबर असतो. एक मीटर चौकटीत अर्धा कातळ, पाव डबकं आणि पाव माती असेल तर पाण्यातल्या जातीला जागा उरली पाव मीटर, मातीतलीलाही तेवढीच. एवढ्याशा जागेत मावतात मोजकी रोपं. एखाद वर्षी पाऊस ओढ देतो आणि ती संपतात. म्हणजे जागांचे प्रकार वाढले, पण प्रत्येक प्रकाराच्या वाट्याला येणारी जमीन घटली. दोन्ही ओढी एकाच वेळी चालतात, आणि कुठली जिंकते ते मापावर ठरतं. मोठ्या चौकटीत प्रत्येक प्रकाराला पुरेशी जागा मिळते, तिथं जागांची विविधता जिंकते.

कारवीचा पुंजका हे याचं चांगलं उदाहरण. त्याच्या खाली मीटरची चौकट टाका, सावलीमुळे मोजक्याच जाती मिळतील. तेवढ्यावरून "कारवी विविधतेला मारक" असं लिहून मोकळं होता येतं. मग पुंजके आणि मधली मोकळी जागा दोन्ही घेणारी 10 मीटरची चौकट टाका. सावलीतली, काठावरची आणि उन्हातली, तिन्ही मंडळी तिच्यात सापडतात. एकच झुडूप एका मापावर आकडा उतरवतं आणि दुसऱ्या मापावर चढवतं.

गुरांचंही तसंच आहे. कासला कुंपण घालून चराई थांबवली, त्यावर गवत माजलं की फुलं वाचली, असा वाद बरीच वर्षं रंगला. मला विचाराल तर चौकटीचं माप न सांगता घातलेला तो वाद मला कधीच पटला नाही. खुराच्या खळग्यात पाणी साठतं, तिथं एखादा ओला कोपरा तयार होतो. आणि त्याच खुराखाली शेजारचा गेंद चिरडतो. कुठल्या मापावर फायदा आणि कुठल्यावर तोटा, हे मोजून सांगणारा प्रोजेक्ट कुणी करायला घेतला तर मी आनंदाने दोरी धरायला येईन.

एका पठारावरून दुसऱ्यावर

इथवर माती आणि पाणी मुख्य होतं. पठार ओलांडून दुसऱ्यावर गेलात की सूत्रं दुसऱ्याकडे जातात: पाऊस, उंची, आणि मधल्या दऱ्या. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. वीसेक किलोमीटर पूर्वेला पाचगणीत त्याच्या साधारण तिसरा हिस्सा. खाली वाईला हजाराच्या आतच. सह्याद्रीची धार ढगांचं पाणी पश्चिमेलाच उतरवून घेते. त्यामुळे तुमची पठारं पूर्व-पश्चिम ओळीत निवडलीत तर बदल पावसाचा, उत्तर-दक्षिण निवडलीत तर मुख्यतः अंतराचा. एका मोसमात दोन्ही करायला जाऊ नका.

उंचीसाठी कोकणचा सडा जोडीला घ्या. कास साधारण 1200 मीटरवर, रत्नागिरीचे सडे बहुतेक दोनशे मीटरच्या आत. दगड तोच जांभा, तेच खळगे, तीच डबकी. गेंद आणि सीतेची आसवं दोन्हीकडे, पण जाती पुष्कळदा निराळ्या. जूनमध्ये कोकणच्या कातळावर पांढरी कोकण दीपकाडी उठते, ती तुम्हाला घाटमाथ्यावर दिसणार नाही. म्हणून तुलना सारख्याला सारखी करा: डबक्याशी डबकं, खळग्याशी खळगा, चौकटी तितक्याच, आणि मोसमातली अवस्था तीच. तारीख जुळवून भागत नाही. कोकणात पाऊस आधी लागतो, फुलणंही आधी होतं. तिथलं जुलैचं पान इथल्या ऑगस्टच्या पानाशी लावावं लागतं.

सड्यावर आणखी एक गोष्ट टिपा. सुरुंगाने खड्डे पाडून, बाहेरून माती आणून केलेल्या हापूसच्या बागा आणि चिऱ्याच्या खाणी. बागेत मातीचा थर सगळीकडे सारखा होतो, डबकी बुजतात. बागेतल्या चौकटीत जाती कमी मिळतीलच असं नाही, तणं धरून आकडा चांगला भरतो. पण दहा बागांतल्या दहा चौकटी एकसारख्या येतात, म्हणजे बीटा पडते. नुसती अल्फा मोजणाऱ्याला हे नुकसान दिसतच नाही.

निकाल लिहिताना प्रत्येक आकड्याशेजारी चार गोष्टी हव्यातच: चौकटीचं माप, चौकटींची संख्या, जागेचे प्रकार, महिना. "आमच्या पठारावर 62 जाती" असं वाक्य खोडून टाका.

माहिती सगळ्यांना खुली करायची तर करा, पण कंदीलपुष्पासारख्या जातींचं नेमकं ठिकाण देऊ नका. कंदीलपुष्पाचे कंद खाण्यासाठी उकरले जातात. गावाऐवजी तालुक्याचं नाव लिहा, फोटोतली जीपीएसची नोंद काढून टाका, आणि मूळ पान कॉलेजच्या कपाटात ठेवा.